बिनगळाची काठी

निघताना सासूबाईंनी चौदा सूचना दिल्या. त्यातल्या तेरा तिने वहीत उतरवून घेतल्या. गॅसची खालची कळ, दुधाचं जास्तीचं भांडं, गच्चीची किल्ली, मागच्या नळाचा स्वभाव, सगळं क्रमवार. चौदावी सूचना सासूबाईंनी गाडीत एक पाय ठेवल्यावर दिली. "आणि हे बघ, ह्यांच्या हातात गळाची काठी देऊ नकोस. बाकी काहीही दे. काठी हातात आली की या माणसाला जगाचं भान राहत नाही."

ती हसली आणि तिने वही मिटली.

हसायला कारण होतं. सासरे, म्हणजे बाबा, बस आगाराच्या वेळापत्रक विभागातून निवृत्त झालेले. बत्तीस वर्षं त्यांनी इतरांच्या येण्याजाण्याची मिनिटं ठरवली होती, आणि निवृत्तीनंतर आगार सुटलं तरी सवय सुटली नव्हती. स्वयंपाकघरात एक पाटी टांगलेली असे. तिच्यावर रोज खडूने 'दूध: अपेक्षित सात दहा, प्रत्यक्ष सात पंचवीस' अशी नोंद होई आणि दूधवाला ती वाचून मान खाली घालून जाई. असा माणूस भान हरपेल यावर कोण विश्वास ठेवील?

"एकदा मला घेऊन गेले होते धरणावर," गाडी सुरू होता होता सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "नवीन लग्न झालेलं. तीन तास दगडावर बसले, मग एकटी बस धरून घरी आले. हे संध्याकाळी आले आणि मला विचारतात, तू कधी आलीस?"

त्या नणंदेच्या बाळंतपणासाठी तीन महिने गेल्या, आणि मागे उरले ती, नवरा, बाबा आणि तीन वर्षांची भिंगरी. भिंगरीचं खरं नाव चांगलं चार अक्षरी होतं. पण ती एका जागी थांबली असती तर कुणीतरी ते वापरलं असतं.

इथे तिच्याबद्दल थोडं सांगायला हवं. तिने संख्याशास्त्रात पदवी घेतली होती. या पदवीचा संसारात उपयोग होत नाही असं म्हणणाऱ्यांनी तिची काळजी करण्याची पद्धत पाहिलेली नाही. इतर आया नुसत्या घाबरतात. ती दशांशचिन्हानंतर दोन घरांपर्यंत घाबरत असे. बियाणं तपासायच्या प्रयोगशाळेत तिची नोकरी होती. शंभर बिया ओल्या कागदावर मांडायच्या, आठवड्याने किती उगवल्या ते मोजायचं. हे काम तिला मनापासून आवडायचं, कारण बिया मांडल्या तिथेच राहतात.

तर त्या नोकरीची वाढवलेली रजा महिनाअखेरीला संपत होती. पाळणाघरवाल्या बाई बिऱ्हाड हलवून गेल्या होत्या. सासूबाई परत येईपर्यंत भिंगरीला दिवसभर सांभाळणार कोण? घरात एकच माणूस मोकळा होता, आणि तो माणूस मागच्या आठवड्यात आरामखुर्चीत डुलकी घेत असताना भिंगरीने त्याच्या दोन्ही पायांना गुडघ्यापर्यंत काळं बूटपॉलिश लावलं होतं. बाबा उठले, पायांकडे बघून म्हणाले, "छान चकाकतंय." इथपर्यंत ठीक. पण पॉलिशची डबी लावायच्या ऐवजी तिने खाल्ली असती तर?

"अगं, मलाही बाबांनीच वाढवलंय ना?" नवरा म्हणाला.

"तुझ्या भुवईवर टाके कसले आहेत?"

"ते आई सांभाळत होती तेव्हाचे."

तिने त्याच रात्री राजीनाम्याचं पत्र लिहिलं, चार घड्या घातल्या आणि जवळ ठेवून दिलं. द्यायचं की नाही, ते ठरायचं होतं. मधे नऊ दिवस होते.

आता धरणाचा विषय कसा निघाला ते बघा. नवरा जेवताना सहज म्हणाला, रविवारी कुठेतरी जाऊन येऊ, धरणावर वगैरे. त्याच्या बोलण्यात 'वगैरे'वर भर होता. पण बाबांनी घास खाली ठेवला, स्टूल आणलं, माळ्यावरून जुन्या चादरीत गुंडाळलेली एक लांबच लांब वस्तू काढली आणि मांडीवर घेऊन बसले. तिला चौदावी सूचना आठवली. आठवली आणि तिच्यातली संख्याशास्त्रज्ञ जागी झाली. परीक्षाच घ्यायची तर जिथे धोका जास्तीत जास्त तिथे घ्यावी. पाणी आहे, काठी आहे, पोरगी आहे, आणि आपण डोळ्यांत तेल घालून बाजूला आहोत. तिथे हा माणूस पास झाला तर घरी काय, कुठेही होईल. नापास झाला तर पत्र तयार आहे.

"जाऊ या की, बाबा," ती म्हणाली. सासूबाईंचा शब्द तिने असा मोडला.

बातमी जिन्यातून खाली जायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात तळमजल्यावरचे विमेवाले काका वर आले. काका विमा विकायचे, आणि म्हणूनच की काय, कुणी कुठे निघालं की त्यांना तो माणूस परत येताना दिसत नसे.

"परवाना काढला?" त्यांनी विचारलं.

"कसला परवाना, काका?"

"गळ टाकायचा परवाना. बिनपरवान्याचे बुडालात तर दावा मंजूर होत नाही." मग आवाज खाली आणून, "आणि दोरी घ्या. तीस वर्षांचा अनुभव सांगतो, सूनबाई. बांधलेला माणूस बुडाल्याची एकही केस माझ्याकडे आलेली नाही."

बुधवारी ती बाबांना आणि भिंगरीला घेऊन जलाशयाच्या कचेरीत गेली. कचेरी तिसऱ्या मजल्यावर होती, जिन्यापासून आतपर्यंत पाण्याची गळती होती, आणि टेबलामागच्या कारकुनांनी स्वतःच्या डोक्यावर, गळती चुकवायला, छत्री बांधून घेतली होती.

"मासेमारी की करमणूक?" कारकुनांनी विचारलं.

"म्हणजे, करमणूक म्हणून मासेमारी."

"दोन्हीचे अर्ज वेगळे आहेत. मासा लागला तर मासेमारी. नाही लागला तर करमणूक."

बाबा पुढे झाले. "मग परत येतानाच भरू का?"

"आधी भरायचा असतो."

बाबा विचारात पडले. चाळीस वर्षांच्या अनुभवाशी प्रामाणिक राहून त्यांनी 'करमणूक'वर खूण केली. मग सोबतच्या माणसांची वर्गवारी आली. पोहता न येणाऱ्याने, पोहता येत नसल्याचं स्वतः लिहून द्यायचं होतं. भिंगरीने अंगठा उठवला. अर्जावर उठवला, अर्जाखालच्या अर्जावर उठवला, आणि कारकुनांच्या बाहीवरही उठवला.

"तुम्हाला येतं पोहता?" कारकुनांनी तिला विचारलं.

आता खरं सांगायचं तर कॉलेजात असताना ती दोन आठवडे पोहायला गेली होती, आणि त्यातला एक आठवडा तलाव साफ करायला बंद होता. पण मागे रांगेत सहा माणसं उभी होती, पदवीधर बाईने सगळ्यांसमोर तीन वर्षांच्या मुलीच्या रकान्यात अंगठा उठवायचा? "येतं," ती म्हणाली. आयुष्यभर शंभरातल्या शंभर बिया खऱ्या मोजणाऱ्या बाईने ही एकशे एकावी खोटी मोजली.

परवाना मिळाला. त्यावर लिहिलं होतं: गळवाले एक, पोहता न येणारे एक, नुसतेच बसणारे दोन.

"नुसतेच बसणारे म्हणजे?" तिने विचारलं.

"म्हणजे तुम्ही आणि तुमचे मिस्टर. जे मासे धरत नाहीत आणि बुडतही नाहीत ते."

हे शब्द तिला फार लागले. घरी नवऱ्याला अजिबात लागले नाहीत. उलट सरकारने आपल्याला प्रथमच नीट ओळखलं असं म्हणून त्याने परवाना दोनदा वाचला.

उरलेले तीन दिवस दोरीत गेले. कपडे वाळत घालायची नवीन, पिवळी, जाड दोरी आणली गेली. गाठींचं एक पुस्तक वाचनालयातून आलं. आकृती काढली: एक दोरी बाबांच्या घडीच्या खुर्चीपासून झाडापर्यंत, म्हणजे डुलकी लागली तरी बाबा पुढे कलंडणार नाहीत. दुसरी भिंगरीच्या कमरेपासून तिच्या स्वतःच्या कमरेपर्यंत, म्हणजे प्रश्नच मिटला. ती जेवणाच्या टेबलाच्या पायावर सराव करायची, आणि भिंगरी शेजारी बसून अगदी एकाग्र होऊन बघायची. मुलगी तासभर एका जागी बसते आहे, याचाच आईला इतका आनंद झाला, की ती कशाला बसली आहे हा विचार तिच्या मनात आला नाही.

बाबांनी एक गाठ बोटाने हलवून पाहिली. आगारात त्यांनी टपावरचं सामान बांधलं जाताना आयुष्यभर पाहिलं होतं. "ही सुटेल," ते म्हणाले.

"पुस्तकात बघून बांधलीये, बाबा."

"पुस्तकात ओझं नसतं."

रविवारी त्यांनी सकाळची बस धरली. मागे गावं सुटली, मग शेतं सुटली, मग विजेचे खांबसुद्धा कंटाळून एका बाजूला निघून गेले. बसमध्ये शेवटी हे चौघं, चालक आणि वाहक एवढेच उरले. धरणाचा थांबा शेवटचा. तिथे चालकाने इंजिन बंद केलं, बूट काढले आणि पाय वर घेतले.

"किती वेळ थांबणार?" तिने विचारलं.

"चाळीस मिनिटं. अकरा वीसला आली, बाराला परत."

"बाकीच्या बस तर शेवटच्या थांब्यावर दहा मिनिटं थांबतात."

"इथे चाळीस. मी लागलो तेव्हापासून आहे. वरून आलंय म्हणतात. काहीतरी मोठं कारण असणार."

ती वळली. बाबा खिडकीतून बाहेर, जिथे बघण्यासारखं काहीही नव्हतं तिथे, फार लक्षपूर्वक बघत होते.

"बाबा, या बसचं वेळापत्रक कुणी केलं होतं?"

"इंजिन तापायचं इथे."

"सगळा रस्ता उताराचा आहे."

"तेव्हा तापायचं," बाबा म्हणाले आणि काठी घेऊन खाली उतरले.

ती पाहतच राहिली. दूधवाल्याच्या पंधरा मिनिटांचा हिशेब मागणाऱ्या या माणसाने सरकारी वेळापत्रकात स्वतःसाठी अर्धा तास पुरून ठेवला होता, आणि वीस वर्षं कुणाला पत्ता नव्हता. अशा माणसाच्या हाती पोरगी सोपवायची? तिने मनातल्या मनात दोन गुण कापले.

जलाशय मात्र मोठा होता. पलीकडचा काठ दिसत होता, पण तिथली झाडं नुसती हिरवी रेघ झाली होती. पाणी इतकं शांत, की त्याच्यावर विश्वास बसू नये. चौकीदार हातात जाडजूड नोंदवही घेऊन आले. त्यांनी परवाना वाचला आणि विचारलं, "नुसतेच बसणारे कोण?"

नवऱ्याने आनंदाने हात वर केला. तिनेही, अर्धा.

"मग बसा. उठलात तर वर्ग बदलतो, मला नोंद करावी लागते."

नवरा लगेच तिसऱ्या झाडाखाली चटई टाकून आडवा झाला आणि वर्ग आणखी पक्का करण्यासाठी झोपून गेला. चाळीसपैकी अठरा मिनिटं तिची गाठी मारण्यात गेली. झाडाला एक, खुर्चीला एक, स्वतःला एक, भिंगरीला एक. आणि प्रत्येकीवर भरवशासाठी आणखी एक. बाबा खुर्चीत बसले. भिंगरी त्यांच्या डाव्या अंगाला खडे भरलेला डबा घेऊन बसली. ती स्वतः उजव्या अंगाला, दोरीवर नजर ठेवून. बाबांनी गळाला कणकेची गोळी लावली, दोरा पाण्यात टाकला, आणि दोऱ्यावरचा बुचाचा तुकडा पाण्यावर तरंगू लागला.

आणि मग सासूबाई म्हणाल्या होत्या तसंच झालं.

"बाबा, ऊन लागतंय का?" उत्तर नाही. "बाबा, केळं देऊ?" उत्तर नाही. "बाबा, खुर्चीला आग लागलीये." बाबांची पापणी लवली नाही. त्यांच्यासाठी जगात बुचाचा एक तुकडा उरला होता, आणि तोही हलत नव्हता. तिने आणखी चार गुण कापले. आता उत्तीर्ण व्हायला फारसं काही शिल्लक नव्हतं. खिशातलं पत्र तिने चाचपून पाहिलं. बाकी सगळ्या वस्तू तिने प्लास्टिकच्या पिशव्यांत घातल्या होत्या, काडेपेटीसुद्धा. पत्र तेवढं खिशात होतं.

या सगळ्यात भिंगरीने काय केलं हे कुणी पाहिलं नाही. तिने तीन दिवस जे शिकून घेतलं होतं त्याचं प्रात्यक्षिक केलं. आधी आपल्या कमरेची गाठ सोडली. पुस्तकातली गाठ, लगेच सुटली. मग ते टोक बाबांच्या खुर्चीच्या पायाला बांधलं. ही गाठ पुस्तकातली नव्हती, तिची स्वतःची होती, आणि पुढे चौकीदारांना ती विळ्याने कापावी लागली.

बारा मिनिटं राहिली असतील. बुचाचा तुकडा एकदा दचकला, दुसऱ्यांदा दचकला, आणि गडप झाला.

बाबा उभे राहिले. काठी अशी वाकली की तिचं टोक पाण्याला टेकलं. पाण्यात काहीतरी लांब, काळपट, रागावलेलं वळलं. चौकीदारांनी नोंदवही खाली टाकली, आणि त्यांच्या तोंडून "बापरे" एवढंच निघालं. ती उठली. तिने भिंगरीच्या जागेकडे पाहिलं. डबा होता, खडे होते, भिंगरी नव्हती.

आता सांगायला वेळ लागतो, घडायला लागला नाही. ती धावत काठावर गेली, पाण्यात पाहिलं, पाण्यात फक्त तिचा चेहरा. मग तिला दोरी आठवली. दोरीच्या टोकाला मुलगी आहे. ती पाण्याकडे पाठ करून वळली आणि जिवाच्या आकांताने दोरी ओढली. दोरीच्या टोकाला खुर्ची होती. खुर्ची झाडाला बांधलेली होती. झाड हलेना, म्हणून तिने आणखी ओढलं, सगळं वजन मागे टाकून. आणि बाबा म्हणाले होते ती गाठ, जिच्यावर आजवर ओझं आलं नव्हतं, ती सुटली.

ती पाठमोरी पाण्यात गेली. तिच्यामागून खुर्ची गेली, वाटेत मिटून.

त्या काठाला उतार नव्हताच. दोन पावलांवर गाळ, आणि गाळाला तळ नाही. पाणी छातीला लागलं, मग हनुवटीला. खोटी मोजलेली एकशे एकावी बी तिला नेमकी आठवली. तोंडातलं पाणी थुंकून तिने हाक मारली, ती 'वाचवा' अशी नव्हती. "बाबा, भिंगरी," एवढीच होती.

तेव्हा तिला ते दिसलं.

बाबा काठावर उभे होते. उजव्या हातात काठी, कमानीसारखी वाकलेली. आणि डाव्या हाताच्या मुठीत भिंगरीच्या फ्रॉकचा मागचा पट्टा. मूठ इतकी घट्ट की बोटांची पेरं पांढरी पडली होती. ते उभे राहिले तशी भिंगरी त्यांच्या पायांमागे गेली होती आणि पट्ट्याला लोंबकळत, आईला पाण्यात बघून टाळ्या पिटत होती. पट्टा चुरगळून दोरखंड झाला होता. तेवढा चुरगळायला बराच वेळ लागतो.

बाबांनी माशाकडे पाहिलं. सुनेकडे पाहिलं. एक हात मासा धरून, एक हात नात धरून. मोकळं असं त्यांच्याकडे एकच काही होतं. त्यांनी मान खाली केली, ताणलेला दोरा तोंडात धरला आणि दातांनी तोडला.

दोरा सुटला. मासा, गळ, बुचाचा तुकडा आणि बाबांची वरची कवळी, सगळे एकाच दिशेने निघून गेले. पुढच्या क्षणी काठीचं जाड टोक तिच्या नाकासमोर होतं. "धर," बाबा म्हणाले, आणि दात नसलेल्या तोंडातून तो शब्द अर्धा वाराच आला, पण तिने धरलं. चौकीदारांनी बाबांची कंबर धरली, बाबांनी पट्टा सोडला नाही, आणि सगळ्यांनी मिळून तिला बाहेर काढलं.

नवरा तेव्हा जागा झाला. त्याने बायकोकडे पाहिलं, तिच्या केसांतल्या शेवाळाकडे पाहिलं, वडिलांच्या बसलेल्या गालांकडे पाहिलं. "मासा लागला का?" त्याने विचारलं.

तिने केसांतलं शेवाळ काढून त्याच्या हातात दिलं.

चौकीदारांनी वही उघडली. "नुसतीच बसणारी व्यक्ती पाण्यात आढळली," ते लिहिता लिहिता म्हणाले. "बाई, तुम्ही पाण्यात गेलात ते मासेमारीसाठी की करमणुकीसाठी?"

"करमणुकीसाठी," ती दात वाजवत म्हणाली.

"आणि कवळीचं काय? जलाशयात वस्तू टाकायला मनाई आहे."

"ती टाकली नाही, गेली," बाबा म्हणाले. हे समजायला चौकीदारांना तीन वेळा विचारावं लागलं. शेवटी त्यांनी 'मत्स्यासोबत गेली' अशी नोंद केली आणि खाली सही घेतली.

या सगळ्यात बारा वाजून सात मिनिटं झाली. चालक बूट घालून हॉर्नवर हात ठेवून बसले होते. आयुष्यात प्रथमच बाबांनी एक बस उशिरा सोडली होती. चढताना ते चालकाला म्हणाले, "नोंद करा. कारण लिहा, सून ओली."

बसमध्ये तिने खिशातून पत्र काढलं. चार घड्यांचा एक लगदा झाला होता, शाई त्यातून निघून तिच्या कपड्यांवर आली होती. तिने तो लगदा खिडकीच्या कडेला ठेवला. बाबांनी पाहिलं, पण काय आहे ते विचारलं नाही. भिंगरी त्यांच्या मांडीवर झोपली होती, आणि त्यांचा डावा हात अजून पट्ट्यातच होता.

"बाबा, किती वेळ धरला होतात तिला?"

"बसल्यापासून."

"मला दिसलं नाही."

"तू दोरीकडे बघत होतीस."

तिने कापलेले गुण एकेक करून परत दिले, आणि ते कुणाला दिले आणि कुणाकडून घेतले याचा हिशेब मात्र मांडला नाही. खिडकीतून वारा आला आणि तो लगदा शेतात कुठेतरी उडून गेला. तिने बसल्या जागेवरून मान वळवूनही पाहिलं नाही.

"सोमवारी किती वाजता निघायचंय तुला?" बाबांनी विचारलं.

"नऊ दहा."

घरी गेल्यावर त्यांनी पाटी पुसली आणि खडूने लिहिलं: सून, अपेक्षित नऊ दहा.

त्या रात्री तिने सासूबाईंना फोन केला आणि सगळं सांगून टाकलं, कारण नाहीतरी विमेवाल्या काकांनी सांगितलंच असतं. पलीकडून प्रश्न आला.

"मासा मोठा होता?"

"चौकीदार बापरे म्हणाले."

"आणि ह्यांनी दोरा तोडला?"

"हो, आई. दातांनी."

"मी तीन तास बसले होते गं त्या दगडावर," सासूबाई म्हणाल्या, आणि मग, "नवीन कवळी करायला सांग. मी आल्यावर ह्यांचं बोलणं मला नीट ऐकू आलं पाहिजे."

आता ती रोज नऊ दहाला निघते. प्रत्यक्ष नऊ चौदा, असं पाटीवर असतं. दर गुरुवारी बाबा भिंगरीला घेऊन धरणाच्या बसने जातात आणि त्याच बसने परत येतात. तिने परवानगी दिली, पण एका अटीवर: काठीला गळ लावायचा नाही. शेजारी पोर असताना काटा तो काटाच. दोरा टाका, बुचाचा तुकडा टाका, हवं तर कणकेची गोळीही लावा, गळ नाही. बाबांनी ही अट मान्य केली. कचेरीत त्यासाठी वेगळा अर्ज नव्हता, तो कारकुनांनी छत्रीखाली बसून नवीन तयार केला.

पण गुरुवारी अकरा वीस ते बारा प्रयोगशाळेत तिची मोजणी चुकते. शंभर बियांपैकी कधी अठ्ठ्याण्णव होतात, एकदा तर एकशे तीन झाल्या. फोन करावा तर तिथे फोन लागत नाही.

म्हणून तिचं तुमच्याकडे एक मागणं आहे. गुरुवारी तुम्ही त्या बाजूला गेलात, तर काठाजवळच्या झाडाखाली एक म्हातारे गृहस्थ घडीच्या खुर्चीत बसलेले दिसतील, डाव्या अंगाला एक मुलगी. मुलीची चिंता नाही. तो डावा हात काय ते जाणतो. तुम्ही त्यांच्याकडे बघा. टोपी घातलीये का. केळं खाल्लंय का, की ते तसंच खिशात आहे, नवीन कवळीशेजारी. हाक मारू नका, त्यांना ऐकू येणार नाही. फक्त ते दोरा वर ओढतील तेव्हा जरा टोकाला बघा. आणि टोकाला गळ दिसला, तर कृपा करून तिला येऊन सांगू नका. तिने विचारलंच, तर म्हणा, काही नाही, नुसतेच बसले होते.